नाताळचा फराळ (महाराष्ट्र)

नाताळचा फराळ म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये २५ डिसेंबर रोजी साजऱ्या होणाऱ्या ख्रिस्तजन्मोत्सवासाठी घरी तयार केल्या जाणाऱ्या गोड व तिखट पदार्थांचा समूह होय. या फराळात दोन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. करंज्या, अनारसे, चकल्या, शेव, शंकरपाळे, चिवडा व लाडू हे पदार्थ दिवाळीच्या फराळाशी सामाईक आहेत, तर केक, कुलकुल, दोदोल, बेबिंका, मार्झिपान इत्यादी पदार्थ पोर्तुगीज व ब्रिटिश संपर्कातून आले आहेत. फराळ कुटुंबाने एकत्र बसून करणे आणि त्याचे ताट शेजाऱ्यांच्या घरी पाठवणे ही या परंपरेची दोन प्रमुख अंगे मानली जातात. एकेकाळी कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये यावर समाजातील स्थान ठरत असे. त्यामुळे या ताटाला खाद्यपदार्थांपलीकडचा सामाजिक अर्थ आहे.

नाव व व्याप्ती

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून मराठीत आला. त्याचे मूळ जन्मदर्शक लॅटिन शब्दात आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ हा शब्दही प्रचलित आहे, तर जुन्या बोलण्यात ‘मोठा दिवस’ किंवा ‘बडा दिन’ असेही म्हटले जाई. ‘फराळ’ हा शब्द संस्कृत ‘फलाहार’ या शब्दावरून आला असून तो मराठी ख्रिस्ती घरांतही सहजपणे वापरला जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या १०,८०,०७३ होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ०.९६ टक्के. हा समाज एकजिनसी नाही. वसई परिसरातील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती, मुंबई-ठाण्यातील ईस्ट इंडियन, सिंधुदुर्गातील मालवणी व कोकणी भाषक कॅथलिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील मराठी ख्रिस्ती, तसेच पुणे-मुंबईत स्थायिक झालेली गोमंतकीय, मल्याळी व तमिळ कुटुंबे यांच्या स्वयंपाकघरांत बराच फरक आढळतो. त्यामुळे नाताळच्या फराळाची एकच ठरलेली यादी नाही.

इतिहास

पोर्तुगीज काळ

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने वसई व तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकेपर्यंत तेथे पोर्तुगीज सत्ता होती. या दोन शतकांत उत्तर कोकण व गोवा येथे ख्रिस्ती धर्माबरोबर नवे अन्नपदार्थही आले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आहे. यीस्ट सहज उपलब्ध नसल्यामुळे किनारपट्टीवर पीठ आंबवण्यासाठी माडाची किंवा ताडाची ताडी वापरण्यात येऊ लागली. गव्हाऐवजी तांदूळ, दुधाऐवजी नारळाचे दूध आणि साखरेऐवजी माडाचा गूळ असे बदल होऊन पोर्तुगीज गोड पदार्थांना स्थानिक रूप मिळाले.

भाषेच्या बाबतीतही असाच संयोग घडला. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे ‘क्रिस्तपुराण’ हे काव्य मराठी ओवीत रचले. ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. रूढींबाबत मात्र सत्तेची भूमिका कठोर होती. गोव्यातील धर्मसमीक्षण संस्थेने (इन्क्विझिशन) १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांच्या वेशभूषेवर, लग्नविधींवर व खाण्यापिण्याच्या सवयींवर निर्बंध घालण्यात आले. मीठ न घालता भात शिजवण्याची पद्धतदेखील त्या निषेधाच्या कक्षेत होती. स्वयंपाकघर हे धार्मिक ओळखीचे क्षेत्र मानले गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

पाव आणि बाट

समाजाच्या दुसऱ्या बाजूनेही अन्नालाच सीमारेषेचे स्वरूप दिले होते. विहिरीत पाव टाकून तिचे पाणी पिणाऱ्यांना बाटवण्यात आले आणि त्यांना नंतर जातीने परत घेतले नाही, अशी कथा कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, पाव हा पदार्थ दीर्घकाळ ‘बाटवणारा’ समजला जात होता हे तिच्यावरून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात घडलेले पंचहौद मिशन चहा प्रकरण हे याचे नोंदलेले उदाहरण होय. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका कार्यक्रमात पुण्यातील अनेक प्रतिष्ठित मंडळींना चहा व बिस्किटे देण्यात आली. त्यांत महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेही होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा या प्रसंगामागे पुढाकार होता. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाल्यावर मोठे ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि संबंधितांपैकी अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्ती व्यक्तींकडचा चहा पिणे ही गोष्ट त्या काळी किती गंभीर समजली जात होती, हे या प्रकरणावरून दिसते.

मिशन काळ

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. या मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले. मिशन पाठवणारी संस्था न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल परंपरेतील होती. तेथील प्युरिटन पूर्वजांनी नाताळच्या समारंभाला विरोध केला होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणे दंडनीय होते आणि त्या राज्यात या दिवसाला सार्वजनिक सुट्टीचा दर्जा १८५६ मध्ये मिळाला. अशा परंपरेतून आलेल्या मिशनकडे नाताळच्या घरगुती रूढींचा फारसा आयता साचा नव्हता. नगर भागातील ख्रिस्ती कुटुंबांच्या सणाच्या ताटात पुरणपोळी, करंजी व लाडू हे स्थानिक पदार्थ कायम राहिले, त्याची संगती या पार्श्वभूमीवर लागते.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ख्रिस्ती उपासनेत भजन, कीर्तन व अभंगांची चाल आणून ती देशी स्वरूपाची करण्याचा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळ्याओवळ्याच्या कल्पना एका गृहिणीच्या मनातून हळूहळू कशा गळून पडल्या, याचे प्रांजळ चित्रण आहे. मराठी ख्रिस्ती घरातील चूल आणि पंगत यांचा इतिहास समजून घेण्यासाठी हा ग्रंथ महत्त्वाचा आहे.

छावण्या आणि भट्ट्या

पुण्यातील सर्वांत जुने कॅथलिक चर्च (सिटी चर्च, क्वार्टर गेट) १७९२ मध्ये पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. पेशव्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांची ती गरज होती. १८१८ नंतर ब्रिटिश छावण्यांबरोबर पुणे लष्कर व खडकी येथे इंग्रजी पद्धतीचा सुक्या फळांचा केक आला. विसाव्या शतकात इराणी बेकऱ्यांनी केक व बिस्किटे सर्वसामान्य पुणेकरांपर्यंत पोहोचवली. १९५५ मध्ये लष्कर भागात सुरू झालेली कयानी बेकरी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. ज्या शहरात एकेकाळी मिशनमधल्या बिस्किटासाठी प्रायश्चित्ते झाली, त्याच शहरात बिस्किटांचा पुडा ही पुण्याहून न्यावयाची भेटवस्तू ठरली.

घरातील तयारी

नाताळपूर्वीच्या चार रविवारांपासून ‘आगमन काल’ सुरू होतो. तयारीचा क्रम बहुतेक घरांत पुढीलप्रमाणे असतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस केकसाठी काळ्या मनुका, बेदाणे, खारीक, चेरी, संत्र्याची साखरेत मुरवलेली साल व काजू बारीक चिरून रम किंवा ब्रँडीत भिजत घातले जातात. मिशन परंपरेतील मद्यवर्ज्य घरांत त्याऐवजी संत्र्याचा किंवा द्राक्षांचा रस वापरतात. मात्र रसात भिजवलेली फळे फार दिवस टिकत नसल्याने ती शीतकपाटात ठेवतात किंवा आदल्या एकदोन दिवसांतच भिजवतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घराची रंगसफेदी, पीठ दळून आणणे व अनारशांचे तांदूळ भिजवणे ही कामे होतात. याच सुमारास काही कॅथलिक घरांत लहान वाट्यांत गहू किंवा नाचणी पेरली जाते. दहा-बारा दिवसांत उगवलेली हिरवी रोपे येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यासमोर मांडतात. या पद्धतीचे नवरात्रातील घटाशी असलेले साम्य लक्षणीय आहे. गोठा गवत, पुठ्ठा व माती यांपासून मुलेच तयार करतात. दारावर चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील लावला जातो. पूर्वेकडील ज्ञानी लोकांना मार्ग दाखवणाऱ्या ताऱ्याचे तो प्रतीक होय.

तळण्याचे काम साधारणतः २० डिसेंबरनंतर सुरू होते. या दिवसांत संध्याकाळी तरुणांचे गट घरोघरी जाऊन नाताळगीते गातात आणि त्यांना फराळ व चहा दिला जातो. २४ डिसेंबरला मध्यरात्रीची उपासना झाल्यावर घरी परतून केक कापण्याची पद्धत अनेक कुटुंबांत आहे. सणाचा काळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो.

प्रमुख पदार्थ

सामाईक तळणीचे पदार्थ

करंजी, चकली, शेव व शंकरपाळे यांची कृती दिवाळीच्या पदार्थांप्रमाणेच असते. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवतात, सावलीत अर्धवट वाळवून कुटतात व गुळात मळून पीठ मुरू देतात. खसखशीवर थापलेला अनारसा मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून तळतात. तो उलटत नाहीत, झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवतात. दिवाळी व नाताळ यांमध्ये साधारण दीड-दोन महिन्यांचे अंतर असल्याने शेजारच्या हिंदू घरातील सोऱ्या व साचे नाताळसाठी आणि ख्रिस्ती घरातील दिवाळीसाठी उसने जाणे ही वस्त्यांमधील परिचित गोष्ट आहे.

कुलकुल

कुलकुल (काही घरांत ‘कलकल’) हा नाताळचा खास पदार्थ आहे. मैदा, थोडा रवा, अंडे, साखर, तुपाचे मोहन व नारळाचे घट्ट दूध एकत्र करून पीठ घट्ट मळतात व तासभर झाकून ठेवतात. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या स्वच्छ फणीवर अंगठ्याने दाबून पसरतात आणि मग गुंडाळून शिंपल्यासारखा आकार देतात. फणीच्या दात्यांमुळे पडणाऱ्या रेघा तळताना कडक होतात. कडेचा जोड नीट दाबला नाही, तर कुलकुल कढईत उलगडते. तळून झाल्यावर काही जण ते साखरेच्या पक्क्या पाकात घोळवतात.

एक किलो पिठाची शेकडो कुलकुले होतात. ती एकट्याने करणे कंटाळवाणे असल्याने परातीभोवती सारे घर बसते. आजी पीठ मळते, मुले गोळ्या वळतात, मोठी माणसे आकार देतात व एक जण कढईजवळ असतो. हा पदार्थ टिकून राहण्यामागे चवीइतकेच हे एकत्र बसणेही कारणीभूत आहे.

नारळाचे पदार्थ

दोदोल हा तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व माडाचा काळा गूळ यांपासून होतो. मिश्रण कडेने तेल सोडेपर्यंत सतत घोटावे लागते व त्यास काही तास लागतात. बेबिंका हा अंड्यातील पिवळा बलक, नारळाचे दूध, साखर व मैदा यांचा थरांचा पदार्थ असून परंपरेने त्यात सात किंवा अधिक थर असतात. आधीचा थर भाजून लाल झाल्यावरच पुढचा ओततात. उष्णता वरून लागावी म्हणून पूर्वी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवत. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रवा व ओल्या नारळाचा केक (बातीका), हरभऱ्याच्या डाळीची व खोबऱ्याची वडी (दोस) आणि पेरूची वडी (पेराद) हेही गोमंतकीय घरांतील नाताळचे पदार्थ आहेत.

वसईचे फुगे

वसई व मुंबईतील ईस्ट इंडियन घरांत फुगे (फुगिया) केले जातात. मैदा, अंडी व नारळाचे दूध यांचे सैलसर पीठ पूर्वी ताडीने, आता यीस्टने आंबवतात. मुठीतील पीठ अंगठा व तर्जनी यांच्या फटीतून दाबून गरम तेलात सोडले की गोल फुगा तयार होतो. ते व्हिनेगर व मिरच्यांच्या वाटणातील इंद्याल या मांसाहारी पदार्थाबरोबर खातात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने १८८७ मध्ये स्वीकारले.

नाताळचा केक

घटक व कृती

घरगुती फळांच्या केकचे जुने प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. मैदा, लोणी व साखर समान वजनाची, म्हणजे प्रत्येकी २५० ग्रॅम, चार ते पाच अंडी, सुमारे ५०० ग्रॅम भिजवलेली फळे, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि दालचिनी, लवंग, जायफळ व सुंठ यांची पूड असे हे प्रमाण असते. लोणी व साखर एकाच दिशेने फेटून हलके करतात. त्या वेळी अडकलेली हवा पुढे उष्णतेने प्रसरण पावते आणि केक फुगतो. अंडी एकेक करून घालतात. एकदम घातल्यास मिश्रण फाटते. फळे निथळून कोरड्या मैद्यात घोळवतात, त्यामुळे ती तळाशी बसत नाहीत. मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटल्यास गव्हातील ग्लुटेन चिवट होते व केक दडस बनतो.

गडद रंगासाठी साखर कोरडीच वितळवून काळपट तांबडी होईपर्यंत जाळतात व तीत बेताने गरम पाणी घालतात. या वेळी वाफ व शिंतोडे उडत असल्याने मुलांना दूर ठेवणे आवश्यक असते. केक १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे दीड तास भाजला जातो. मध्यभागी घातलेली विणकामाची सुई कोरडी निघाली की तो झाला, असे समजतात.

ओव्हनपूर्वीची साधने

विसाव्या शतकातील बहुतांश मराठी घरांत ओव्हन नव्हता. त्यावर तीन उपाय रूढ होते. पहिला म्हणजे वाळू घातलेल्या पातेल्यात केकचे भांडे ठेवून झाकणावर निखारे ठेवणे. दुसरा, प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, शिट्टी व रबरी रिंग काढून, कुकर कोरडाच तापवणे. तिसरा उपाय म्हणजे बेकरीची भट्टी. मुंबई, पुणे लष्कर व अन्य छावण्यांच्या ठिकाणी कुटुंबे घरी कालवलेले मिश्रण पत्र्याच्या डब्यांतून जवळच्या बेकरीत नेत. डबे ओळखू यावेत म्हणून त्यांवर नावाची चिठ्ठी किंवा खूण असे. रोजचे पाव निघाल्यावर उतरत्या उष्णतेत हे डबे भट्टीत सरकवले जात आणि भाजणावळ वजनावर किंवा डब्यांवर आकारली जाई. दिवाळीपूर्वी नानकटाईसाठी घरचा रवा, तूप व साखर घेऊन हिंदू कुटुंबेही अशाच भट्ट्यांवर जात. त्यामुळे बेकरीची रांग हे दोन्ही समाजांच्या सणांचे समान ठिकाण होते.

फराळाचे ताट

फराळ तयार झाल्यावर त्याचा पहिला वाटा ताटात मांडून, विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी व आप्तांकडे पाठवला जातो. गोव्यात विवाहित मुलींच्या सासरी व शेजाऱ्यांकडे गोड पदार्थ पाठवण्याच्या रीतीस ‘कोंसुआद’ म्हणतात. महाराष्ट्रातील मिश्र वस्त्यांत हे ताट दिवाळीच्या ताटाची परतफेड म्हणून जाते. ताट घेऊन बहुधा मुले जातात आणि रिकामे ताट परत करू नये या मराठी संकेतानुसार त्यात साखर, फळ किंवा घरातील एखादा पदार्थ घालून ते परत येते.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे पहिल्या नाताळला तळण करत नाहीत. अशा घरी नातेवाईक व शेजारी फराळ पाठवतात. दिवाळीच्या बाबतीत हिंदू कुटुंबांतही हीच रूढी आहे. दोन्ही समाजांत दुःखाच्या वर्षी कढई चढत नाही, परंतु घरातील मुले फराळावाचूनही राहत नाहीत.

पंचहौद मिशन प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर या देवाणघेवाणीचे महत्त्व लक्षात येते. ताट स्वीकारणे व त्यातील पदार्थ खाणे हा परस्परविश्वासाचा व्यवहार आहे. ही रीत सर्वत्र सारखी रुळलेली नाही. अंडे किंवा चरबी असेल या शंकेने शाकाहारी घरांत केक न खाता बाजूला ठेवला जाण्याचे प्रसंग घडतात, तसेच प्रसादाचे पदार्थ स्वीकारावेत की नाही याबाबत काही ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. यावर तोडगा म्हणून अनेक गृहिणी ताटात तळणीचे शाकाहारी पदार्थ वेगळे मांडतात किंवा अंड्याविना केक करतात.

पिंपरी-चिंचवड व पुनावळे परिसर

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली. पुढील दशकात वाहननिर्मितीचे मोठे कारखाने आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाकणचा औद्योगिक पट्टा वाढत गेला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. कामाच्या शोधात मराठवाडा व नगर भागातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, अनेक कुटुंबे या परिसरात आली. त्यांत मराठी ख्रिस्तीही होते. केरळ, तमिळनाडू, गोवा व ईशान्य भारतातील ख्रिस्ती कामगार व तंत्रज्ञही येथे स्थायिक झाले. देहूरोडच्या लष्करी छावणीमुळे त्याआधीच या भागाला बहुभाषिक स्वरूप होते.

मुंबई–बेंगळुरू महामार्गालगतचे पुनावळे हे मूळचे शेतीप्रधान गाव १९९७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाले. हिंजवडी माहिती तंत्रज्ञान नगरीच्या सान्निध्यामुळे एकविसाव्या शतकात येथे मोठ्या गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. अशा संकुलांत एकाच मजल्यावर वेगवेगळ्या प्रांतांतील नाताळ शेजारी शेजारी येतात. मल्याळी घरात साच्यातून तळलेले गुलाबाच्या आकाराचे अचप्पम व सकाळच्या न्याहारीला पालप्पम असते. तमिळ घरात तांदूळ व गुळाचे अदिरसम आणि मुरुक्कू होतात. अदिरसम म्हणजे जवळजवळ आपला अनारसा आणि मुरुक्कू म्हणजे चकलीचा भाऊबंद. नगरहून आलेल्या घरात करंज्या असतात, तर गोमंतकीय घरात नेवऱ्या. दोन्ही पदार्थ एकाच कुळातील आहेत. त्यामुळे परस्परांच्या ताटांत भाषा बदलली तरी ओळखीचे काहीतरी सापडतेच.

जुन्या वस्त्या व वाड्यांपेक्षा संकुलातील व्यवहाराचे स्वरूप निराळे आहे. दरवाजे बंद असतात, नोकरीच्या वेळा पाळ्यांत विभागलेल्या असतात आणि शेजाऱ्यांची ओळख बहुधा मुलांच्या खेळण्यातून होते. अशा ठिकाणी नाताळचे ताट हे ओळखीनंतरचे नव्हे, तर ओळख करून घेण्याचे निमित्त ठरते. संकुलाच्या सभागृहात नाताळवृक्ष उभारून सामुदायिक कार्यक्रमही होतात. त्यांत सहभागी होणारी बहुसंख्य कुटुंबे ख्रिस्ती नसतात.

बदलते स्वरूप

ओव्हन, तयार मसाले व चिरलेली फळे सहज मिळू लागल्याने घरी केक करणे सोपे झाले आहे. आज तो सर्वधर्मीय घरांत होतो. अनेक महिलांनी घरगुती केकचा व्यवसाय सुरू केला असून डिसेंबर हा त्यांचा प्रमुख हंगाम असतो. अशा व्यवसायासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. अंड्याविना केकमध्ये अंड्याऐवजी दही किंवा आटवलेले गोड दूध आणि खाण्याचा सोडा वापरतात. अंड्याने मिळणारा बांधीवपणा कमी असल्याने असा केक फळांच्या भाराने तुटू शकतो. म्हणून त्यात फळांचे प्रमाण कमी ठेवतात.

दुसरीकडे, वेळखाऊ पदार्थ मागे पडत आहेत. दोदोल व बेबिंका बहुतेक शहरी घरांत विकतचे आणले जातात आणि अनारशांचे पीठ तयार मिळते. भट्टीवर डबे नेण्याची पद्धत जवळजवळ संपली आहे. तळणीचे पदार्थही मिठाईच्या दुकानातून वजनावर घेतले जातात. विकतच्या पदार्थांमुळे नोकरी करणाऱ्या स्त्रियांवरील कामाचा भार हलका झाला, हा या बदलाचा महत्त्वाचा लाभ होय, कारण घरच्या फराळाची परंपरा मुख्यतः स्त्रियांच्या श्रमावर उभी होती. मात्र पदार्थासोबत शिकवण्याची साखळीही तुटते. पाकाची तार, मोहनाचे प्रमाण किंवा पीठ मुरल्याची खूण या गोष्टी हाताने पाहूनच शिकाव्या लागतात आणि आजीच्या हातची कृती लिहून ठेवलेली नसेल, तर ती तिच्याबरोबर जाते. काही कुटुंबांनी यावर मध्यम मार्ग काढला आहे. बहुतेक फराळ विकत आणून एकच पदार्थ, बहुधा कुलकुल, सर्वांनी मिळून घरी केला जातो. त्यात पुरुष व मुलगेही सहभागी होतात.

पूर्वी परक्याचे म्हणून टाळले जाणारे भट्टीतले पदार्थ आज महाराष्ट्रात सर्वांच्या घरी पोहोचले आहेत आणि दिवाळीचा मानला जाणारा फराळ ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. आवडीच्या आणि सोयीच्या पदार्थांनी ही सीमारेषा केव्हाच ओलांडली. माणसांनी ती ओलांडण्याचे साधे आणि अजूनही प्रचारात असलेले साधन म्हणजे झाकलेल्या रुमालाखालचे हे ताट होय.